आता दोन्ही स्पीकर एकत्र

मी एवढंच विचारलं होतं, "कोण पाहिजे?" तर दारातल्या माणसाने हातातलं खोकं खाली ठेवलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाला, "डावा स्पीकर तुम्हीच ना?"

माझ्या मांडीवर स्टिकरांचा गठ्ठा होता. तो सावरत मी म्हटलं, "हो."

"आणि उजवापण."

"उजवापण मीच."

तो हसला. मोठ्याने नाही, बऱ्याच दिवसांनी ओळखीचं माणूस भेटल्यावर आपण हसतो तसा. मला मात्र तो मुळीच ओळखीचा नव्हता.

ही एकोणीसशे नव्वद सालची गोष्ट. दिवाळीला तीन आठवडे राहिले होते. सांगलीजवळ माधवनगरला आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझा धाकटा भाऊ दिनकर टेप आणि दोन स्पीकर असे सेट जुळवायचा. मुंबईहून सुटे भाग आणायचे, सुताराकडून खोकी करून घ्यायची, आत सगळं बसवायचं आणि वर 'मयंक साउंड' अशी पट्टी ठोकायची. मयंक हा त्याचा मुलगा. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. वडील गेले तेव्हा दिनकर नऊ वर्षांचा होता आणि मी एकोणीसची. त्याला वाढवण्यात माझं लग्नाचं वय निघून गेलं. आता तो कर्ता झाला होता आणि मी त्याच्या वर्कशॉपात स्टिकर चिकटवत होते.

प्रत्येक सेटबरोबर आम्ही एक कॅसेट द्यायचो. वायरी नीट जोडल्यात की नाही हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. तिच्यातला आवाज माझा. दिनकरने मागच्या खोलीत भिंतीला गाद्या उभ्या लावल्या आणि माझ्यासमोर माइक धरला. "अक्का, शाळेत कविता म्हणायचीस तसं बोल," म्हणाला. मी बोलले. हा आवाज डाव्या स्पीकरमधून येत आहे. आता हा आवाज उजव्या स्पीकरमधून येत आहे. आता दोन्ही स्पीकर एकत्र. आणि शेवटी, आठशे वॅटच्या या आवाजाचा आनंद घ्या.

लोक ती कॅसेट एकदा लावत असतील आणि टाकून देत असतील, असं मी धरून चालले होते.

"मी सदाशिव कुरणे," तो म्हणाला. "बोरजवाडीचा पोस्टमास्तर. कवठ्याच्या पुढे तासभर."

मी त्याला खुर्ची दिली आणि दिनकर कोल्हापूरला माल पोचवायला गेलाय असं सांगितलं. खोक्यात आमचाच एक सेट होता. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. पोस्टाच्या पावतीवर असतं तसं गोल, सावकाश अक्षर.

"मला पैसे परत नकोत," तो म्हणाला. "फक्त एक शंका आहे."

त्याची शंका अशी होती. मागच्या दिवाळीला त्याने मिरजेच्या दुकानातून आमचा सेट घेतला. त्यावर आठशे वॅट लिहिलेलं. घरातली इस्त्री साडेसातशे वॅटची. म्हणजे सेट इस्त्रीपेक्षा भारी, असा त्याने साधा हिशेब केला. त्याने वायरमनला बोलावून सेटसाठी वेगळी जाड वायर ओढून घेतली, वेगळा खटका बसवला. बोर्डाकडे भार वाढवून मिळावा म्हणून अर्जही दिला. सेट चालू असताना घरात इस्त्री लावायची नाही असा नियम केला.

"एकदम दोन्ही लावलं तर फ्यूज जाईल," तो म्हणाला. "म्हणून मी शर्ट दुपारीच करून ठेवतो. संध्याकाळी सेट."

मला हसू येत होतं. पण तो इतक्या गंभीरपणे सांगत होता, की ते ओठांपर्यंत आलंच नाही.

मग महिने गेले आणि विजेचं बिल वाढलं नाही. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. कुरणे मास्तरांना चैन पडेना. एका रविवारी त्यांनी घरातलं सगळं बंद केलं, मीटरखाली स्टूल घेतलं आणि घड्याळ लावून मीटरच्या चकतीचे फेरे मोजले. ते सगळं त्या कागदावर होतं. नुसती इस्त्री, तर मिनिटाला साडेसात फेरे. नुसता साठचा दिवा, तर एका फेऱ्याला शंभर सेकंद. नुसता सेट, पूर्ण आवाजात, तर एका फेऱ्याला चार मिनिटं.

"म्हणजे साठच्या दिव्याच्याही निम्म्याहून कमी," ते म्हणाले. "माझ्या सेटमध्ये काही बसवायचं राहिलंय का?"

काही राहिलं नव्हतं. आत जे असायला हवं ते सगळं होतं, आणि ते बारा वॅटचं होतं. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा. हे मला दिनकरनेच सांगितलं होतं. स्टिकरवरचा आकडा खोक्याच्या आकारावरून ठरायचा आणि दर दिवाळीला वाढायचा. आकड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'पीएमपीओ' असं छापलेलं असे. त्याचा अर्थ मी एकदा विचारला होता. "पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळात जास्तीत जास्त जेवढा जोर निघेल असं मानलं, तेवढा," दिनकर म्हणाला. निघतो का, असं विचारलं तर म्हणाला, "कुणी बघितलाय? अक्का, बाजारात सगळे लिहितात. मी एकट्याने बारा लिहिलं तर लोक म्हणतील, याचाच सेट मोडका."

त्या वर्षी त्याने नवे स्टिकर छापून आणले होते. बाराशे वॅट. आत तेच बारा. म्हणजे आमच्या आकड्यात त्या वर्षी फक्त दोन शून्यं खोटी होती. तेच स्टिकर माझ्या मांडीवर होते. मी ते हळूच उलटे करून ठेवले.

"भावाला विचारून सांगते," मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.

चहा घेताना ते बोलत राहिले. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती मुलगी शैला सोलापूरला दिलेली. संध्याकाळी टपालाची थैली एसटीत चढवली की मग कुणी त्यांच्याकडे येत नसे. गाण्याच्या कॅसेटी होत्या त्यांच्याकडे, चांगल्या दहाबारा. पण बऱ्याचदा ते आमचीच कॅसेट लावायचे.

"गाणारं माणूस कुणासाठी तरी गातं," ते कपाकडे बघत म्हणाले. "तुम्ही मात्र घरात येऊन मलाच सांगता. आता डावीकडून, आता उजवीकडून. बरं वाटतं."

एकेचाळीस वर्षांत माझ्या असण्याने कुणाला बरं वाटतं, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. दिनकरला वाटत असेल, पण तो बोलून दाखवणाऱ्यांतला नव्हता.

त्यांच्या गावचा वायरमन दगडू त्यांना हसला होता. "मास्तर, चांगले फसलात," म्हणाला होता, आणि चावडीवरसुद्धा ते सांगून आला होता. "मी त्याला म्हटलं," कुरणे म्हणाले, "नुसतं छापलेलं असतं तर मीही शंका घेतली असती. पण त्या बाई स्वतःच्या तोंडाने सांगतात. त्या कशाला खोटं बोलतील?"

मी कपबशी उचलायला लागले. त्यांनी विचारलं, "मिस्टर काय करतात?"

"लग्न नाही झालं," मी म्हटलं. मग कशाला कोण जाणे, पण आणखी म्हटलं, "राहून गेलं."

त्यांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "भाऊ कधी भेटतील?"

"बुधवारी असेल."

"मग बुधवारी येतो. सेटचं बोलू. आणि ते झालं की त्यांच्याशी आणखी एक बोलायचं आहे. तुमची हरकत नसेल तर."

मी एवढी अडाणी नव्हते. ते काय बोलणार हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. मी मान खाली घालून म्हटलं, "या."

दारात ते परत वळले. "एक मात्र करा. सेटचं उत्तर तुम्हीच द्या. भाऊ विकणारे आहेत, त्यांना बोलावंच लागतं. तुम्ही सांगाल ते मी मानीन."

संध्याकाळी दिनकर आला. मी त्याला सेटचं सांगितलं, कागदाचं सांगितलं. दुसरं बोलणं सांगितलं नाही. ते आधी त्या माणसाच्या तोंडून यावं असं मला वाटत होतं. कागदाचं ऐकूनच दिनकरचा चेहरा उतरला. त्याच महिन्यात सांगलीच्या एका पंखेवाल्याला ग्राहक मंचाने बोलावलं होतं, आणि सगळ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी त्याची धास्ती घेतली होती.

"पोस्टमास्तर म्हणजे सगळं लेखी ठेवणारा माणूस," तो म्हणाला. "फेरे मोजून आलाय अक्का, फेरे. उद्या तो कागद घेऊन मंचात उभा राहील."

तसा माणूस नाही तो, मी म्हटलं. आपण खरं सांगून टाकू, तो मनात ठेवणार नाही.

"आणि दगडू वायरमन? आणि ते मिरजेचं दुकान? एकाला सांगितलं की पाचशे सेट दारात येऊन पडतील. मग मयंकला मी काय खायला घालू?" तो माझ्यासमोर जमिनीवर बसला. लहानपणी काही हवं असलं की बसायचा तसा. माझा हात ओढून त्याने स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "शपथ घे. खरा आकडा तुझ्या तोंडून जाणार नाही. मीटर मंद आहे म्हणायचं."

त्या डोक्याला मी बारा वर्षं तेल लावलं होतं. मी शपथ घेतली.

बुधवारी मी लिंबोणी रंगाची साडी नेसले. दिनकरची बायको म्हणाली, "काय हो अक्का, आज कुणाकडे हळदीकुंकू?" अकराच्या एसटीने कुरणे आले, खोकं घेऊन. शर्ट कडक इस्त्रीचा. मला वाटलं, आदल्या दिवशी दुपारीच केला असेल.

दिनकरने त्यांची फार सरबराई केली. खुर्ची पुसून दिली, नवा सेट काढून समोर ठेवला. आठशेचा राहू दे मास्तर, हा बाराशेचा घेऊन जा, आमच्याकडून भेट, असं म्हणाला.

"मला नवा नको," कुरणे म्हणाले. "याचंच सांगा." आणि ते दिनकरकडे न बघता माझ्याकडे बघायला लागले. "बाई, खरे किती आहेत?"

दिनकर खाली वाकून सर्किटला डाग द्यायला लागला. राळेचा धूर वर आला. मला आठवतं, त्या धुराने डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी पदर लावला, आणि तेवढा वेळ मला मिळाला. तेवढ्या वेळात मी काहीही ठरवू शकले असते.

"आठशेच आहेत," मी म्हटलं. "तुमचं मीटर मंद असेल."

कॅसेटमध्ये बोलते तशीच बोलले मी. स्पष्ट, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं.

त्यांनी कागद उघडला. त्यावरून एकदा नजर फिरवली. मग त्याची घडी घातली, आणखी एक घातली, आणि तो खिशात ठेवला.

"तुम्ही म्हणताय म्हणजे मीटरच असेल," ते म्हणाले.

त्यांनी चहा घेतला. दिनकरशी पाऊसपाण्याचं बोलले. खोकं उचललं आणि निघाले. मी दारापर्यंत गेले. दिनकरला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हटलं, "आणखी एक बोलायचं होतं ना तुम्हाला?"

ते थांबले. "आधी मीटर बघून घेतो," म्हणाले.

दोन दिवसांनी दिनकरने मागच्या खोलीत पुन्हा गाद्या उभ्या केल्या. नव्या कॅसेटीत आकडा बाराशेचा करायचा होता. माझा घसा बसलाय, मी म्हटलं. आठवडाभर बसलेलाच राहिला. शेवटी त्याने सांगलीच्या एका मुलीचा आवाज घेतला. त्यानंतरच्या एकाही कॅसेटीत मी नाही.

दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांनी कार्ड आलं. माझ्या नावाने घरात आलेलं ते पहिलं कार्ड. वर बोरजवाडीचा शिक्का, त्यांनीच मारलेला असणार.

"स. न. वि. वि. मीटर बोर्डाच्या माणसाकडून तपासून घेतले. बरोबर आहे. खरा आकडा आपल्याकडूनच कळावा. वाट पाहतो."

कार्ड उघडंच असतं, दिनकरने आधी वाचलेलं होतं. तो रागावला नाही. "बघ," म्हणाला, "लेखी पुरावा गोळा करतोय. उत्तर देऊ नकोस अक्का. शपथ आठव."

मी पोस्टातून कार्ड आणलं. त्यावर एकच ओळ लिहिली. पत्ता लिहिला. ते स्टिकरांच्या डब्यात ठेवलं, उद्या टाकू म्हणून. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता खरं लिहिलं तर तोंडावर खोटं बोलले हेही त्यात आलंच. त्या माणसाला ते कसं वाटेल? तिसऱ्या दिवशी मयंकला ताप आला. मग वर्षअखेरचा माल. मग ते कार्ड स्टिकरांच्या खाली गेलं. बोरजवाडीहून दुसरं कार्ड आलं नाही.

पुढे कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. दिनकरने वर्कशॉप बंद केलं. पुण्याला मयंककडे जायच्या आधी आम्ही दोघं सामान आवरत होतो, तेव्हा स्टिकरांचा डबा निघाला. कार्ड दिनकरच्या हाती लागलं. त्याने ते वाचलं आणि बराच वेळ हातात धरून बसला. त्याला तेव्हा पहिल्यांदा मी दुसऱ्या बोलण्याचं सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "त्याला तेव्हाच कळलं होतं, अक्का."

"काय?"

"मीटर मंद असतं तर दिव्यालाही मंदच असतं. इस्त्री, दिवा, सेट, तिन्ही त्याने एकाच मीटरवर मोजली होती. एकमेकांशी ताडून बघितलं की झालं. तपासायला माणूस बोलवायची गरजच नव्हती. एवढं न कळणारा तो नव्हता."

मी कपाट पुसत होते, ते पुसत राहिले. पुण्याला चल म्हणून त्याने फार आग्रह केला. मी नाही गेले. आता तोही नाही. मी इथेच असते, मागच्या दोन खोल्यांत. पुढच्या खोल्या बंद आहेत.

मागच्या वर्षी मार्गशीर्षात एका दुपारी दार वाजलं. मी आतूनच विचारलं, "कोण पाहिजे?"

दार उघडलं तर पन्नाशी उलटलेली एक बाई उभी होती, पर्स छातीशी धरून.

"तोच आवाज," ती म्हणाली. "थोडा थकलाय."

ती कुरणे मास्तरांची शैला होती. वडील श्रावणात गेले, एक्याऐंशी वर्षांचे होऊन. तिने पर्समधून आमची कॅसेट काढली; घर आवरताना ती सापडली होती, वेष्टनावर आमचा पत्ता होता. सोलापूरहून सांगलीला कामासाठी आली होती, म्हणून चौकशी करत आली. तिला काय काय विचारावं असं मला वाटत होतं, पण विचारलं एवढंच, की त्यांनी कधी काही सांगितलं का.

"बाबा सांगणाऱ्यातले नव्हते. संध्याकाळी लावायचे. नातवंडं हसायची, आजोबांचं गाणं सुरू झालं म्हणायची. त्या सेटला जाडजूड वेगळी वायर होती, घर रंगवताना काढू म्हटलं तर काढू दिली नाही." तिने कॅसेट उलटी करून बघितली. "हिच्यात शेवटी काहीतरी पुसलंय त्यांनी. तिथे काय होतं?"

"विशेष काही नाही," मी म्हटलं. "एक आकडा होता."

तिने चहा घेतला, वाकून नमस्कार केला आणि सांज व्हायच्या आत गेली. जाताना कॅसेट माझ्याकडे ठेवली आणि माझा हात हातात घेऊन थोडी उभी राहिली.

कॅसेट मी उजेडात धरून बघितली. आम्ही त्या कॅसेटींची मागची प्लास्टिकची टिकली मोडून देत असू, म्हणजे वरून कुणाला काही भरता किंवा पुसता येऊ नये; ती खाच पुन्हा झाकली की मात्र येतं. त्या खाचेवर कागदाची कोरी पट्टी चिकटवलेली होती. एका कडेला बारीक भोकं. पोस्टाच्या तिकिटांच्या पानाला कडेने डिंक लावलेली पट्टी असते ना, ती. नीट, सरळ कापून लावलेली.

पुढच्या खोलीत एक सेट अजून आहे. आठशेचा. स्पीकरवरची धूळ पुसली, वायरी जोडल्या. मला अजून येतं. कॅसेट घातली आणि खुर्ची दोन स्पीकरांच्या मधोमध ओढून बसले.

"हा आवाज डाव्या स्पीकरमधून येत आहे," ती म्हणाली. चाळीस वर्षांची. किती स्पष्ट बोलायची.

"आता हा आवाज उजव्या स्पीकरमधून येत आहे."

"आता दोन्ही स्पीकर एकत्र."

आणि मग नुसती खरखर. एका वाक्याएवढीच लांब, ना कमी ना जास्त. त्यांनी तेवढीच जागा रिकामी करून ठेवली होती.

ती संपल्यावर मी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. डावा. उजवा. दोन्ही एकत्र. खरखर सुरू झाली.

"बारा," मी म्हणाले. "दोन्ही मिळून बारा."